भूमिका, दोनशे शब्दांत

खैरनार सर,
सोमवारपर्यंत मागितलीत तुम्ही
आमची 'डिझाइनमागची भूमिका',
एक पान, चारही बाजूंना समास,
आणि कृपा करून सुंदर हा शब्द नको.

सुंदर मी लिहिणार नव्हतेच.
मी लिहिणार होते एका बिल्ल्याविषयी.

नवापूरच्या पुढे रंगावली ओलांडली
की आमच्या पाड्यावर पत्र्याचं उपासनाघर आहे.
दारावरची पाटी माझ्या बापाने रंगवली,
निळ्यावर पांढरी,
ज्या हाताने तो पिंपळनेरपर्यंतच्या भिंतींवर
कापसाच्या बियाण्याच्या जाहिराती काढायचा.
'मंडळी'वरचा अनुस्वार राहून गेला.
मडळी.
पाळक येशुदासांनी पाटीसाठी प्रार्थना केली
ती डोळे मिटून,
म्हणून असेल, कोणी काही बोललं नाही.
चार नाताळ आम्ही मडळी होतो.

मग दुसरीतल्या तितुसला शाळेत अनुस्वार शिकवला.
तो मामाच्या खांद्यावर चढला
आणि संत्र्याच्या सोड्याचा बिल्ला
दगडाने ठोकला पाटीवर,
जरा जास्तच उजवीकडे, जवळजवळ 'ड'वर.
अजून तिथेच आहे. गंजलाय.
पावसाळ्यात त्याचा एक तपकिरी ओघळ
अक्षरावरून खाली येतो.

इथे धुळ्यात मी संध्याकाळी
जिभाऊंच्या दुकानात फ्लेक्स लावते.
वाढदिवस, दशक्रिया, नियुक्तीबद्दल अभिनंदन,
बत्तीस चेहरे एका पाटावर.
मी कडेला वीतभर कोरं सोडलं
तर जिभाऊ म्हणतात,
मोकळी जागा काब्र सोडी वं?
त्यांना कसं सांगू,
माझी आई शनिवारी संध्याकाळी
अर्ध्या निंदलेल्या वाफ्यात विळा ठेवून उठते.
वाफा संपलेला नसतो.
ती थांबते.
त्या थांबण्याला मी समास म्हणायला शिकले
तुमच्या वर्गात, पण फार उशिरा.

आणि ती फुली, सर.
कागदाच्या कोपऱ्यातली, वर्तुळातली,
चार रंग एकमेकांवर नीट बसावेत म्हणून असते ती.
पहिल्या सत्रात मी हात वर करून म्हणाले, वधस्तंभ.
वर्ग हसला.
तुम्ही म्हणालात, फुली दिसली की लगेच देव शोधू नकोस,
आधी रंग जुळतायत का बघ.
मी आठवडाभर तुमच्याशी धड बोलले नाही.
पुढे छापखान्यात पाहिलं,
रंग जुळले
की ती खूण कापून टाकतात.
पत्रिका ज्याच्या हातात पडते
त्याला ती कधीच दिसत नाही.
मला हे पटलं. का, ते विचारू नका.

गेल्या सुट्टीत पाळक म्हणाले,
सालोमी, आता तू शिकलीस, नवी पाटी कर.
मी तीन केल्या.
तिन्हींत अनुस्वार जागच्या जागी,
अक्षरांमधलं अंतर तुम्ही पास कराल असं.
मापं घ्यायला शिडी लावली. बापाने खालून धरली.
पान्याने बिल्ला उचकटला
तर खाली रुपयाएवढा निळा,
त्या दिवशी त्याने कालवला होता तसाच ओला वाटणारा.
आणि बोटभर डावीकडे, उघड्यावर,
पेन्सिलीचा एक ठिपका.
बरोबर जागेवर.
इतकी वर्षं तो तिथेच होता,
एवढ्या जवळ कोणी गेलंच नव्हतं.

मी खाली बघून विचारलं, बाबा, हे काय?
तो म्हणाला, टिंब शेवटी भरणार होतो.
तेवढ्यात जेवायला हाक आली.

बिल्ला मी परत ठोकला,
त्याच चुकीच्या भोकात.
ठिपक्याला हात लावला नाही.
तिन्ही नव्या पाट्या संगणकात आहेत,
पाळकांना अजून दाखवलेल्या नाहीत.

सर, दोनशेच्या वर गेले शब्द,
आणि भूमिका अशी अजून सुरूच झाली नाही.
खालची जागा कोरी ठेवतेय.
मेसची घंटा झाली.